गेममध्ये कोल्हापूरची कुस्ती कंपनी उभी करताना

कुस्ती बुकिंगच्या, म्हणजे कोण कोणाशी लढणार आणि कोण जिंकणार हे ठरवायच्या, गेममध्ये स्वतःची कंपनी घालायची म्हटली की बहुतेक जण आधी लोगो आणि चॅम्पियनचा पट्टा करायला बसतात. सुरुवात प्रेक्षकापासून करा. 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग'सारख्या गेममध्ये कंपनी टिकते की बुडते हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: कुठल्या भागात तिचं किती नाव आहे, तिथल्या लोकांना काय आवडतं आणि महिनाअखेर हातात काय उरतं. एडिटरमधले (गेममधली माहिती भरायच्या साधनातले) बाकीचे रकाने नंतर भरले तरी चालतात.

कोल्हापूर निवडलंत तर प्रेक्षक आयता मिळतो, पण तो चोखंदळ असतो. 1912 साली खुलं झालेलं शाहू महाराजांचं खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथे लटकी पकड लगेच ओळखू येते. म्हणून कंपनीची शैली ठरवताना प्रसिद्धीपेक्षा कामगिरीला जास्त वजन द्या. याचा परिणाम पुढे रोस्टरवर, म्हणजे कंपनीच्या पैलवानांच्या यादीवर, होतो: नाव मोठं पण रिंगमधलं काम कच्चं, असा पैलवान इथे शोचा दर्जा खाली ओढतो.

मातीतल्या कुस्तीचा रंग आणायची उत्तम जागा म्हणजे लढतीचे प्रकार. मातीत पाठ टेकली की चितपट, पंच तीनपर्यंत मोजत बसत नाही. एडिटरमध्ये 'निकाली' नावाचा वेगळा प्रकार करा: बरोबरी नाही, बाद करणं नाही, रिंगबाहेरची मोजणी नाही. पण तो महिन्यातून एकदाच, शेवटच्या जोडीला वापरा. दोनच्या आकड्यावर खांदा उचलून सुटण्याचे क्षण त्यात नसतात आणि रिंगभोवतीचा आरडाओरडा त्याच क्षणांवर चालतो. प्रत्येक लढत निकाली केली तर ते वजन महिन्याभरात संपतं. हुकमी डावही इथलेच घ्या. प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घेऊन टाकायचा कलाजंग रिंगमध्ये लांबून दिसतो, ढाकही उठून दिसते. जमिनीवरचा घिस्सा मात्र मागच्या रांगेला कळत नाही, तो सामन्याच्या मधल्या भागासाठी ठेवा.

नावं ठेवताना गाव, तालीम आणि वस्ताद ही तीन माहिती प्रत्येक पैलवानाच्या चरित्रात लिहा. इथे जोड पुकारताना माणसाची ओळख अशीच होते. तालमी मात्र कल्पित घ्या. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही खरी नावं आहेत आणि त्यांच्या नावावर खोटा इतिहास चढवू नये. दोन कल्पित तालमींचं जुनं वैर ठरवलं की सहा महिन्यांची कथा हाताशी येते.

दोन तासांच्या शोला सहा लढती पुरतात. त्यासाठी चौदा ते सोळा पैलवान, दोन पंच आणि दोन समालोचक घ्या. मुख्य लढतीच्या ताकदीचे किमान चार हवेत, त्यात दोन नायक आणि दोन खलनायक. दोघेच असले तर तिसऱ्या महिन्यात तीच जोड पुन्हा लागते आणि एक जखमी झाला की पट्टा अडकून पडतो.

आता हिशेब. समजा हॉल 300 खुर्च्यांचा आणि तिकीट 150 रुपये. सगळी विकली तर 45,000. पैलवानामागे सरासरी 2,000 धरले आणि चौदा-सोळाऐवजी अठरा जण घेतले तर 36,000 जातात. उरलेल्या 9,000 मध्ये रिंग, हॉल, दिवे आणि पंच-समालोचक भागत नाहीत. चौदा जण घेतले तर 17,000 हातात राहतात. म्हणून रोस्टर आधी हिशेबाला बसवा. लोकप्रियतेचे आकडे फुगवायचा मोह इथेच महागात पडतो: आकडा वाढला की पैलवानाची मागणी वाढते आणि मोठ्या कंपन्या त्याला उचलतात. छोट्या कंपनीचा सगळ्यात मोठा पैलवानही स्वतःच्या भागात ठळक आणि बाहेर जवळजवळ अनोळखी असावा.

वेळापत्रकात पावसाळा धरा. जत्रेच्या मोकळ्या मैदानातले शो थंडीपासून मेपर्यंत ठेवा. जून ते सप्टेंबर हॉलमध्ये छोटे शो घ्या, पण अगदी बंद ठेवू नका. चार महिने शो झाला नाही तर कंपनीचा जोर ओसरतो. शेजारच्या भागात वेगळ्या शैलीची एक प्रतिस्पर्धी कंपनीही घाला. दोघींनी एकच पैलवान खुल्या करारावर (ज्यात त्याला इतर कंपन्यांतही लढता येतं) घेतले तर तारखा आपटतात, म्हणून पट्टाधारक आणि त्याचा पहिला आव्हानवीर तरी लेखी करारात बांधा.

चालवण्याआधी तीन गोष्टी तपासा: पट्टाधारक त्याच कंपनीच्या रोस्टरमध्ये आहे का, कोणाचं पदार्पण वयाच्या मानाने अशक्य तर नाही ना, आणि पट्ट्याचा इतिहास कंपनीच्या स्थापनेच्या आधी तर सुरू होत नाही ना. मग डेटाबेसची प्रत बाजूला ठेवून, कुठल्याच कंपनीत नसलेलं पात्र घेऊन गेम एक वर्ष पुढे पळवा. कंपनी सहा महिन्यांत बुडाली तर आधी मानधन कमी करा आणि पुन्हा पळवा. वर्षात देशभर पसरली तर घरच्या भागातली लोकप्रियता पाच-पाच गुणांनी उतरवा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.