जुन्या डिझेल पिकअपचं मिसिंग: आधी मेलेलं सिलिंडर शोधा

पिकअप मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरात डिझेल नीट न जळता इंजिन हिसके द्यायला लागलं, की गॅरेजात पहिलं वाक्य ऐकू येतं, "चारही नोझल (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची टोकं) बदलून टाकू." ऐकू नका. कोणतं सिलिंडर मारत नाही आणि दरवेळी तेच आहे का, हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. तेच एक सिलिंडर कायम मेलेलं असेल, तर दोष त्या सिलिंडरचाच: नोझल, इंजेक्टरखालचं वॉशर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरातला हवेचा दाब), नाहीतर पंपातून त्याला मिळणारं डिझेल. मिसिंग आज इथे, उद्या तिथे असं फिरत असेल, तर दोष बहुधा चौघांना मिळून येणाऱ्या डिझेलचा: फिल्टर, पाणी, हवा.

खालची पद्धत फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना लागू आहे. म्हणजे जुनी बोलेरो पिकअप डीआय, टाटा २०७ डीआय वगैरे. बोलेरोवाल्यांनी विशेष जपावं, कारण तेच २५२३ सीसीचं इंजिन पुढे कॉमन रेलमध्येही, म्हणजे एका सामाईक नळीतून इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या पद्धतीतही, आलं. बॉनेट उघडून बघा. पंपातून निघालेले चार स्टीलचे पाइप सरळ चार इंजेक्टरांवर जात असतील आणि इंजेक्टरवर वायर नसेल, तर गाडी मेकॅनिकल. पाइप आधी एका जाड नळीत जाऊन तिथून फुटत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कप्लर असेल, तर पाना खाली ठेवा. त्या नळीतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. ती गाडी स्कॅनर असलेल्याकडे न्या.

धूर बघून घ्या. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) तपासा, बाकी सगळं नंतर.

फिल्टर जुना असेल तर बदला, खालचं पाणी सोडा, प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) लाइनमधली एअर काढा.

आता खरं काम. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचा. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर इंजिन दबतं, आवाज बदलतो, ते सिलिंडर मारतंय. ज्याला काहीच फरक पडत नाही, ते मेलेलं. सांगायला एवढंच आहे, पण मी पहिली दोन वर्षं यातच चुकत होतो. गाडी गरम करून, अगदी खालच्या आयडलवर (रेस न देता) बघायचो. गरम इंजिनात कमकुवत सिलिंडरही कसंबसं मारतं आणि मंद आयडलवर कोणताही नट ढिला करा, इंजिन सारखंच हलतं. म्हणून सकाळी पहिल्या स्टार्टलाच बघा. रेस थोडी वाढवून स्थिर ठेवा, हजार-बाराशे आरपीएमच्या आसपास. नट अर्धा आटाच फिरवा, पाच सेकंद ऐका, घट्ट करा, इंजिन सावरू द्या, मग पुढचा. चारही झाले की उलट क्रमाने पुन्हा. दोन्ही फेऱ्यांत तेच सिलिंडर आलं तरच खरं माना. खात्रीसाठी स्टार्ट केल्यावर पहिल्या मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळीच्या) चारही तोंडांवर पाण्याचे थेंब टाका. तीन तोंडांवरचं पाणी वाळत जाईल, मेलेल्यावर थेंब तसाच राहील.

हे करताना नटवर चिंधी धरा, चष्मा घाला, आणि बोट किंवा तळहात धारेसमोर आणू नका. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसलं की वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र इतकी इजा होते की हात गमवावा लागू शकतो. दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. गरम मॅनिफोल्डवर डिझेल सांडू देऊ नका, ते पेट घेतं.

मेलेलं सिलिंडर सापडलं की आधी त्याचं टॅपेट बघा, त्याला पैसे लागत नाहीत. टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. टॅपेट ठीक असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्या चांगल्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी अदलाबदल करा. मिसिंग इंजेक्टरबरोबर शेजारी गेलं, तर नोझल खराब, आणि तोही एकच. जागेवर राहिलं, तर डिझेल इंजिनाच्या कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही. चारही आकडे जवळपास सारखे आले तर पंप टेस्ट बेंचवर पाठवा. पंपाचं सील घरी तोडायचं नाही.

इंजेक्टर काढताना तांब्याचं वॉशर मोजून बाहेर काढा. माझ्या गाडीत जुनं वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहिलं होतं, त्यावर मी नवं बसवलं. नोझल वर उचललं गेलं, कडेने फुस्स-फुस्स गॅस निघू लागला. वाशीला टोमॅटो टाकून रिकामे क्रेट घेऊन परतताना माळशेजच्या चढाला गाडीने मान टाकली. तेव्हापासून टॉर्च घालून तळ बघितल्याशिवाय मी इंजेक्टर बसवत नाही. वॉशर दरवेळी नवंच, आणि एकच.

फिरतं मिसिंग, सकाळी लांबलेला स्टार्टर, पाच मिनिटांत सगळं ठीक: ही हवेची खूण आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाइन डिझेल ओढते. त्यामुळे तिथे फट असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. "कुठे ओलं नाही, म्हणजे लीकेज नाही" हा सल्ला म्हणूनच चुकीचा. फीड पंपाच्या आधी डिझेलला टिकणारा वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले तर टाकीकडे सरकत एकेक जोड, क्लिप आणि रबरी पाइप तपासा. रबर वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर तो तुकडा बदला. बुडबुडे थांबले की पारदर्शक पाइप काढा, मूळ लाइन जोडून एअर काढा आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा स्टार्ट करून बघा.