महागडी गिटार पहिल्यांदा हातात आली की आधी काय बघायचं

आधी माझा गाढवपणा सांगतो. दुकानात पीआरएस कंपनीची कस्टम २४ ही महागडी इलेक्ट्रिक गिटार भिंतीवर टांगलेली होती, "वाजवून बघू का" म्हटलं, दुकानदाराने काढून दिली आणि मी लगेच केबल खुपसली, गेन (आवाज फाटवणारं बटण) फुल, रिव्हर्ब (घुमवणारं बटण) फुल. कसली भारी वाजली म्हणून सांगू! दोन दिवस फोनवर तिचेच फोटो बघत होतो. नंतर डोक्यात आलं की त्या सेटिंगवर पाच हजारवाली पण भारीच वाजली असती, मी गिटार नाही अॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) ऐकून आलो होतो.

तर पहिली दहा मिनिटं केबल लावूच नका. बेल्टचं बक्कल आणि घड्याळ आधी काढा, मागून एक चरा पडला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग ट्यून करून साध्या ओपन कॉर्ड्स वाजवा, पोटाला लाकूड थरथरताना कळतं. नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या, कडेने बोट वर-खाली फिरवा, फ्रेटची (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं टोचली नाही पाहिजेत, कोरड्या हवेत लाकूड आकसलं की ती बाहेर येतात आणि एवढे पैसे देऊन करवत कोण घेणार. मग पट्टा लावून उभे रहा. गिब्सनची लेस पॉल गिटार चार किलोच्या आसपास भरते, बसून काही वाटत नाही, उभं राहिल्यावर खांदा बोलतो.

आता बेंड, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर चढवणं. पहिल्या तारेवर पंधराव्या फ्रेटला दीड सूर ओढा, आवाज मध्येच मेला तर ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) फार खाली आहे. मग तिसरी, म्हणजे G ची तार चार-पाच वेळा जोरात ओढून परत ट्यूनर बघा. ट्यून करताना नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाची खाचा असलेली पट्टी) टिंग असा आवाज आला तर तार खाचेत अडकतेय, आणि हे महागड्या गिटारवर पण होतं बरं का. बाराव्या फ्रेटची हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का तेही बघून घ्या.

"वा काय मऊ फील आहे" म्हणण्याआधी तारेचं गेज म्हणजे जाडी विचारा. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारची स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी) २५.५ इंच, पीआरएसची २५, लेस पॉलची साधारण २४.७५, म्हणजे त्याच गेजची तार लेस पॉलवर ढिली लागणारच. त्यात तुमच्या घरच्या गिटारवर १० च्या गंजक्या तारा आणि दुकानात ९ च्या कोऱ्या, मग तुलना कसली डोंबलाची.

आता केबल लावा, पण क्लीन. आपली गिटार सोबत न्या, लाजायचं नाही, एकाच अॅम्पवर एकाच सेटिंगला दोन्ही वाजवा. गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणा. मला खरा फरक इथे ऐकू आला, माझीचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला आणि तिचा नुसता बारीक झाला. पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक) सिंगल कॉइलवर, म्हणजे एकाच गुंडाळीवर, टाकल्यावर गुणगुण आली तर घाबरू नका, ती विजेच्या लाइनची असते.

मी शेवटी घेतली नाहीच. घरी येऊन माझ्या गिटारच्या G च्या तारेखाली नटच्या खाचेत पेन्सिलचं टोक घासलं, टिंग बंद झालं. व्हॉल्यूमचं तेवढं राहिलंय.