ड्राइव्ह पुन्हा पुन्हा उडतोय? बदलण्याआधी एवढं बघा

साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नव्यानं लागलेल्या पोराच्या कानावर पहिल्याच हंगामात येतं, "गव्हाणीचा ड्राइव्ह गेला." गव्हाण म्हणजे ऊस मिलकडे नेणारा कन्व्हेयर आणि ड्राइव्ह म्हणजे त्याच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट (व्हीएफडी). गव्हाण थांबली की मिल थांबते, यार्डात उसाच्या गाड्या तुंबतात आणि चीफ इंजिनिअरसाहेबांचे फोन सुरू होतात. अशा घाईत स्टोअरमधला स्पेअर ड्राइव्ह चढवायचा आणि गव्हाण फिरवायची, हा सगळीकडचा रिवाज. थोड्या दिवसांत तोही उडतो. मग "या कंपनीचा मालच हलका" असा निकाल लागतो. माझा अनुभव सांगतो, मालाचा दोष क्वचित निघतो. ड्राइव्हच्या अलीकडे किंवा पलीकडे काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते तसंच ठेवून आपण नवा ड्राइव्ह त्याच्या तोंडी देतो.

म्हणून मेलेला ड्राइव्ह खोलण्याआधी डिस्प्ले येतो का बघा. येत असेल तर फॉल्ट हिस्टरी लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. शेवटचा फॉल्ट सगळे बघतात. खरी हकिगत त्याच्या आधीच्या चार-पाच नोंदींत असते.

नंतर सप्लाय बंद करून लॉक लावा आणि दहा मिनिटं थांबा. आत 415 व्होल्ट एसीचं रेक्टिफाय होऊन, म्हणजे डीसी होऊन, कपॅसिटर जोडलेल्या डीसी बसवर (आतल्या प्लस-मायनस पट्ट्यांवर) 560 ते 590 व्होल्ट साठलेले असतात. दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामे झाले असं धरू नका, प्लस-मायनसवर मीटर लावून शून्याजवळ आल्याची खात्री करा. मग आतल्या-बाहेरच्या केबल सोडून मीटर डायोड रेंजवर घ्या. लाल प्रोब डीसी मायनसवर, काळा एकेका टर्मिनलवर: इनपुटचे आर, एस, टी आणि मोटरकडचे यू, व्ही, डब्ल्यू. मग काळा प्लसवर आणि लाल एकेकावर. चांगल्या ड्राइव्हला साधारण 0.3 ते 0.6 येतं आणि सगळ्या फेजचं सारखं येतं. जिथे शून्य, तिथे शॉर्ट. कोणती बाजू गेली हे कळलं की शोधाची दिशा ठरते.

इनपुटचा रेक्टिफायर गेला असेल तर मोटरच्या मागे लागू नका, सप्लायकडे बघा. आमच्याकडे टर्बाइनवरून बोर्डाच्या लाइनवर चेंजओव्हर करताना क्षणभर सप्लाय जाऊन परत येतो. तेवढ्यात डीसी बस खाली उतरलेली असते आणि प्रीचार्जचा (कपॅसिटर सुरुवातीला हळू भरणाऱ्या रेझिस्टरला बायपास करणारा) रिले सुटलेला नसेल तर येणारा करंटचा लोंढा थेट डायोडवर पडतो. एपीएफसी पॅनेलचे (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलचे) कपॅसिटर आत-बाहेर होताना येणारे स्पाइकही डायोड मारतात. इनपुट चोक (असे झटके अडवणारी कॉइल) बसवलेला नसेल तर तो मागवून घ्या. फेजचे व्होल्टेज असमान असेल किंवा एखादा लग (केबलच्या टोकाचा जोड) ढिला असेल तरी तोच परिणाम होतो.

आउटपुटचे आयजीबीटी (मोटरला वीज देणारे ट्रान्झिस्टर स्विच) गेले तर केबल आणि मोटर बघा. एका कारखान्यात गव्हाणीचा ड्राइव्ह दरवेळी डब्ल्यू फेजलाच मरायचा. मोटर मेगरला (इन्सुलेशन मोजायच्या मीटरला) उत्तम, करंट टाँग टेस्टरवर नेमप्लेटच्या आत. हिस्टरीत मात्र ओव्हरकरंटच्या आधी अर्थ फॉल्टची रांग दिसली, आणि सगळ्या वेळा पहाटेच्या. पहाटे गव्हाणीखाली पाइपानं धुलाई व्हायची. मोटरच्या टर्मिनल बॉक्सचा ग्लँड (केबल आत जाते तिथलं सीलबंद तोंड) फुटलेला, गॅस्केट गायब. पाणी आत, ड्राइव्ह ट्रिप. ऑपरेटर रीसेट दाबत राहायचा आणि शॉर्टवर पुन्हा पुन्हा सुरू करून शेवटी मोड्यूल फुटायचं. दुपारपर्यंत बॉक्स वाळलेला असे, त्यामुळे मेगर चांगलाच दाखवायचा. ग्लँड बदलला, वर पत्र्याचं छत्र केलं आणि अर्थ फॉल्टला इलेक्ट्रिशियनशिवाय रीसेट नाही असा नियम केला.

मेगरचं निघालं म्हणून सांगतो, केबल ड्राइव्हपासून सोडल्याशिवाय मेगर मारायचा नाही. मेगरच्या 500 व्होल्टनं धडधाकट ड्राइव्ह मेलेले बघितलेत. ड्राइव्ह आणि मोटरमध्ये कॉन्टॅक्टर असेल तर तो चालू लोडवर सुटत नाही ना, तेही बघा. आउटपुटला पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर कधीच नकोत. केबल लांब असेल तर मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेजची शिखरं डीसी बसच्या जवळपास दुप्पट जातात. ड्राइव्ह टिकतो पण वाइंडिंग जळतं आणि मग त्याच शॉर्टवर ड्राइव्ह. तिथे आउटपुट चोक किंवा डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजची उसळी मऊ करणारा) लागतो.

साखरेच्या सेंट्रिफ्यूगलवर (साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या फिरत्या मशीनवर) ट्रिप मशीन थांबवताना येत असेल आणि फॉल्ट ओव्हरव्होल्टेजचा असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर (थांबवतानाची जादा ऊर्जा जाळणारा) मोजा. फिरता ड्रम ऊर्जा उलट पाठवतो आणि डीसी बस आठशे व्होल्टच्या आसपास चढते. रेझिस्टर ओपन असेल तर डिसिलरेशन टाइम (थांबायला दिलेला वेळ) वाढवून तात्पुरतं चालतं, पण सायकल लांबते आणि प्रोसेसवाले ओरडतात.

उष्णतेचं सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसतो. फॅन फिरतो, हवा पुढे जात नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पॅनेलचं दार उघडं ठेवून टेबलफॅन लावायचा जुगाड तर अजिबात नको, भुसा कार्डांवर जातो.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, मोळी टाकून झाल्या-झाल्या ड्राइव्ह उडण्याचं कारण बहुधा यातच असतं. पावसाळाभर बंद पॅनेल, भुशाचा चिकट थर, त्यावर ओल. कधी पाल. सप्टेंबरमध्येच पॅनेल उघडून ब्लोअर मारा, स्पेस हीटर चालू ठेवा, लग टॉर्कनुसार कसा. स्टोअरमधला स्पेअर वर्षाहून जास्त पडून असेल तर उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे कमी व्होल्टेजपासून हळूहळू चढवत कपॅसिटर पुन्हा तयार (रीफॉर्म) करा, मगच पूर्ण सप्लाय द्या. हे काम ऑफ सीझनला निवांत होतं. गाड्या रांगेत उभ्या असताना त्याला कोणी वेळ देत नाही.