विद्युतचुंबक टाचण्या उचलत नाही? या चुका टाळा

खिळ्याला तार गुंडाळली, सेल जोडला आणि एकही टाचणी हलली नाही, की बहुतेक जण सेलला दोष देतात. आधी तारेची टोके बघा. तांब्याची वाइंडिंगची तार उघडी दिसली तरी तिच्यावर एनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा, पातळ थर असतो. टोके पॉलिश पेपरने नीट घासली नाहीत, तर वीज वाहतच नाही.

याच्या उलट चूक म्हणजे खरोखरच उघडी तार घेणे. मग वेढे एकमेकांना आणि लोखंडाला टेकतात, वीज जवळची वाट धरते आणि वेढ्यांमधून फिरतच नाही. इंग्रज संशोधक विल्यम स्टर्जनने १८२० च्या दशकात विद्युतचुंबक केला, तेव्हा त्याच्याकडे उघडीच तार होती. म्हणून त्याने लोखंडाला वार्निश लावले आणि वेढे सुटे ठेवले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले आणि थरावर थर चढवता आले.

दुसरा थर मागे नेताना गुंडाळण्याची दिशा मात्र बदलू नका. तार खिळ्याच्या टोकाकडून डोक्याकडे परतली तरी चालते. फिरवायची त्याच बाजूने. उलटे फिरवलेले वेढे आधीच्यांचा परिणाम खोडून काढतात.

‘वेढे वाढवा, ताकद वाढेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. ताकद ठरते ती विद्युतधारा गुणिले वेढे यावर. ०.५ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) जेमतेम ०.०९ ओहम, म्हणजे साध्या सेलच्या अंतर्गत, सेलच्या आतल्याच, रोधापेक्षाही कमी. इतकी आखूड तार जोडणे जवळपास शॉर्ट सर्किटच, सेल तापतो. इथे वेढे वाढवल्याने नक्की फायदा होतो. पण तारेचा रोध सेलच्या रोधापेक्षा बराच जास्त झाला, की वेढे दुप्पट केल्यावर धारा निम्मी होते आणि गुणाकार जवळपास तेवढाच राहतो. वीज वाचते, ओढ वाढत नाही. त्यासाठी जाड तार आणि जास्त धारा देणारा सेल हवा. छोटी ९ व्होल्टची बॅटरी इथे निराश करते, कारण तिचा अंतर्गत रोध बराच जास्त असतो.

गाभा, म्हणजे ज्यावर तार गुंडाळता तो खिळा, नरम लोखंडाचा घ्या. स्टेनलेस स्टीलचे अनेक प्रकार चुंबकाला दादच देत नाहीत. कडक पोलाद सेल काढल्यावरही टाचण्या धरून ठेवते. तो जोडणीतला बिघाड नव्हे. खिळ्याच्या टोकावर चिकटपट्टी असेल तर काढा, तेवढ्या फटीनेही पकड बरीच ढिली पडते.

आणि ताकद कमी पडली म्हणून ही तार घरातल्या विजेच्या सॉकेटला लावू नका, कधीच.