गल्लीत झाडं लावताय? आधी पाणी घालणारे शोधा

रस्त्याकडेचं रोप बहुतेक वेळा पहिल्या उन्हाळ्यातच जातं. म्हणून सुरुवात खड्ड्यापासून नको, दारोदार फिरण्यापासून करा. एप्रिलमध्येच घरोघरी, दुकानदारांकडे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांकडे जा आणि विचारा, "दारासमोर झाड लावलं तर तीन उन्हाळे पाणी घालाल का?" जितके होकार, तितकीच रोपं. आमच्या गल्लीत पहिल्या वर्षी 9 घरं तयार झाली, म्हणून आम्ही 9 झाडं लावली.

मग महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेच्या केबल कुठून जातात ते विचारून घ्या. जागा नीट निवडा, कारण महाराष्ट्रात 1975 च्या वृक्ष कायद्यामुळे शहरातलं झाड नंतर परवानगीशिवाय तोडता येत नाही.

डोक्यावर तारा असतील तर कांचन किंवा बहावा लावा. ताम्हणही चालतं, आपलं राज्यफूलच ते. रस्ता रुंद असेल तर करंज, कडुनिंब. वड-पिंपळ मैदानासाठी ठेवा, अरुंद फुटपाथवर त्यांची कुचंबणा होते. रोप 6-7 फुटी, अंगठ्याएवढ्या खोडाचं घ्या. लहान रोप शेळ्यांच्या तोंडी जातं.

मे महिन्यात 3 फूट लांब-रुंद-खोल खड्डे घ्या. पहार लागेलच, कारण फुटपाथखाली माती कमी आणि डबर जास्त. ते सगळं बाहेर काढा, खड्डा ऊन खाऊ द्या आणि चांगली माती, शेणखत मिसळून भरा.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की संध्याकाळी लागवड करा. पिशवी ओढू नका, ब्लेडने उभी कापा आणि मुळं बघा. जुन्या रोपात ती तळाशी चुंबळीसारखी गोल फिरलेली असतात. तशीच लावली तर झाड पुढे वाऱ्यात कोलमडतं, म्हणून बोटांनी मोकळी करा, फारच घट्ट असतील तर कापा. पिशवीत खोड जितकं मातीत होतं तितकंच ठेवा.

आधाराचा बांबू सुतळीने सैल, इंग्रजी आठच्या आकारात बांधा. आमच्या एका बकुळीची सुतळी वर्षभर कुणी बघितलीच नाही. ती सालीत रुतली आणि तिच्यावरची फांदी न फांदी वाळली. अजून वाईट वाटतं. दर दोन महिन्यांनी गाठ सैल करा.

पाऊस संपला की आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या, मार्चपासून दिवसाआड. पाणी सावकाश ओता, आळं पालापाचोळ्याने झाका. तो पेटवू देऊ नका.

रस्ता काँक्रीटचा होणार असेल तर काम चालू असताना तिथे उभे राहा. बुंध्याभोवती 1 मीटर माती मोकळी हवी. दिल्लीत 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असाच आदेश दिला होता, कंत्राटदाराला तो सांगा.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर रोपाभोवती संरक्षणासाठी लावलेली लोखंडी जाळी खोडाला टेकायला लागली की ती काढा आणि पुढच्या रोपासाठी ठेवून द्या.