एमडी मेडिसिन ते प्रोफेसर: पाया थिसिसचा

इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमध्ये एमडी मेडिसिनला प्रवेश मिळालाय आणि पुढे शिकवायचंय, तर पहिले सहा महिने जपा. थिसिसचा, म्हणजे एमडीच्या प्रबंधाचा, विषय तेव्हाच ठरतो आणि पुढची बढती त्यावर उभी राहते.

विषय वॉर्डात शोधा. एम.वाय.मध्ये, म्हणजे कॉलेजच्या हॉस्पिटलात, झाबुआ-अलिराजपूरकडचे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट येतात, सल्फासची (धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या) विषबाधा येते, पावसाळ्यात सर्पदंश. मग किती पेशंट लागतील याचा हिशेब मांडा. आजारातल्या एखाद्या गुंतागुंतीचं प्रमाण अंदाजे २० टक्के आणि उत्तरात ५ टक्के इकडेतिकडे चूक चालणार असेल, तर ४×२०×८०÷२५ (८० म्हणजे १०० वजा २०, २५ म्हणजे ५ चा वर्ग), म्हणजे २५६ पेशंट. दीड वर्षात गोळा करायचे तर महिन्याला चौदा-पंधरा. वॉर्डाच्या रजिस्टरमधून मागच्या वर्षाचा आकडा काढा आणि त्यातले निम्मेच निकषात बसतील असं धरा. चूक १० टक्क्यांवर नेली की ६४ पेशंट पुरतात, पण उत्तर '१० ते ३० टक्के' असं निघतं. त्याचा कुणालाच उपयोग नाही. पेशंट पुरत नसतील तर त्यापेक्षा गाइडशी (मार्गदर्शक प्राध्यापकाशी) बोलून विषय बदला.

एथिक्स कमिटीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) मंजुरीआधी एकही पेशंट अभ्यासात घेऊ नका. उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआयची (भारतातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणीही पहिल्या पेशंटआधी व्हायला हवी, नाहीतर चांगली जर्नल्स पेपर (शोधनिबंध) परत करतात. फक्त भिली समजणाऱ्या पेशंटचा हिंदी फॉर्मवर अंगठा घेतला की संमती झाली, असं मुळीच नाही. त्याच्या भाषेत समजावणारा माणूस हवा आणि लिहितावाचता येणारा, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदारही.

पुढचा क्रम सरळ आहे: एमडीनंतर १ वर्ष सीनियर रेसिडेन्सी (हॉस्पिटलातली वरिष्ठ निवासी डॉक्टरकी), मग असिस्टंट प्रोफेसर, ४ वर्षं आणि २ पेपर झाले की असोसिएट, आणखी ३ वर्षं आणि नवे पेपर झाले की प्रोफेसर. बायोमेडिकल रिसर्च आणि मेडिकल एज्युकेशनचे बेसिक कोर्सही लागतात. अर्ज करण्याआधी एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) ताजे नियम वाचाच.

बहुतेकांचं अडतं ते पेपरवर. केस रिपोर्ट (एखाद्याच पेशंटवरचा लेख) धरत नाहीत आणि नाव पहिल्या तीन लेखकांत किंवा करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) म्हणून असावं लागतं. म्हणून लेखकांचा क्रम डेटा गोळा करण्याआधीच गाइडशी ठरवून घ्या, आणि थिसिस जमा झाल्यावर तीन महिन्यांत पेपर पाठवा. एकदा सीनियर रेसिडेन्सीच्या ड्युट्या लागल्या की फाइल कपाटातच राहते.