मेरिट स्कॉलरशिप की गरजेनुसार मदत? अमेरिकेतील कॉलेज निवडताना या चुका टाळा

कॉलेजचे आर्थिक मदतीचे पत्र आले की घरातील सर्वांची नजर प्रथम मेरिट स्कॉलरशिपच्या आकड्यावर जाते. परंतु त्या आकड्याने मुलीच्या गुणांचे कौतुक होते, आपल्या खिशातून किती जाणार हे कळत नाही. शिक्षणशुल्क, राहणे-जेवणे, पुस्तके व प्रवास यांच्या एकूण खर्चातून केवळ परत न करावी लागणारी रक्कम वजा करावी. पत्रात मदत म्हणून कर्जही दाखवलेले असते, आणि ते वजाबाकीत धरणे फार महागात पडते.

‘आपले उत्पन्न जास्त आहे’ असे समजून फाफ्सा (आर्थिक मदतीसाठीचा अमेरिकी सरकारचा अर्ज) न भरणे हीदेखील नेहमीची चूक आहे. आयव्ही लीग या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातील आठही विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथील मदत केवळ कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते, त्यामुळे अर्ज न भरणाऱ्या अव्वल विद्यार्थ्यालाही पूर्ण शुल्क भरावे लागते. एच-४ व्हिसावरील (एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या) मुलांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही, मात्र कॉलेजची स्वतःची मदत मिळू शकते का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे.

सर्वाधिक गैरसमज गरजेनुसार मदत आणि गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती एकत्र येतात तेव्हा होतो. समजा, वर्षाचा खर्च ८०,००० डॉलर आहे, कुटुंबाचा वाटा ३०,००० ठरला आहे आणि उरलेल्या ५०,००० पैकी ४५,००० ग्रँट (परत न करावी लागणारी मदत) व ५,००० कर्ज मिळाले आहे. आता बाहेरच्या संस्थेची ५,००० ची शिष्यवृत्ती मिळाली, तर काही कॉलेजे कर्ज रद्द करतात, पण काही ग्रँटच तेवढी कमी करतात. दुसऱ्या प्रकारात मुलीने निबंध लिहून मिळवलेल्या पैशाचा घराला काहीच उपयोग होत नाही. म्हणून कॉलेज आधी काय कमी करते, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारावे.

मेरिटची रक्कम बहुधा ठरलेली राहते आणि शुल्क वाढत जाते. शिवाय ती टिकवण्यासाठी लागणारी जीपीए (गुणांची सरासरी) अभियांत्रिकीसारख्या कठीण अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी निसटू शकते. गरजेनुसार मदतीचा हिशेब मात्र दरवर्षी नव्याने होतो. फाफ्सामध्ये दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे दरम्यान नोकरी गेली असेल, तर गप्प न बसता कागदपत्रांसह आर्थिक मदत कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करावा.